शाबासकीचा उन्हाळा

काल दुपारी खालच्या मजल्यावरच्या भाटियाबाई वाटीभर फालसे घेऊन वर आल्या. फालसे म्हणजे जयपूरच्या उन्हाळ्याने माणसावर केलेली एकमेव दया. वाटाण्याएवढी जांभळट फळं, आंबटगोड. तोंडात टाकली की एक डोळा आपोआप मिटतो. मी त्यांवर काळं मीठ भुरभुरवत होते, तेवढ्यात बाईंनी फोन माझ्यापुढे धरला. "दीदी, ये कैसा रहेगा? छुट्टियों में बिट्टू को कोडिंग में डाल रहे हैं."

बिट्टू पहिलीतून दुसरीत गेलाय. पडद्यावर गळ्यात मफलर गुंडाळलेला एक पेंग्विन नाचत होता. बाहेर लू वाहत होती, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा करण्याइतकं तापलं होतं, आणि हा मफलर गुंडाळून विचारत होता, तुमचं मूल उद्याचं जग घडवायला तयार आहे का? आमच्या मुलीच्या वेळी ससा होता. चार वर्षांत सशाचा पेंग्विन झाला, एवढीच काय ती या शास्त्राची प्रगती.

"बिट्टूला चाळणीने पाणी भरायला बसवा," मी हिंदीत म्हटलं, "तेवढाच वेळ जाईल आणि शेवटी निदान अंग तरी भिजेल." भाटियाबाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

लहान मुलांना आणि नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी ही जी खेळणी आहेत, त्यांचा मला राग येत नाही. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. रंगीत ठोकळे बोटाने ओढायचे, एकाला एक चिकटवायचे, की मांजर पळतं, फुगा फुटतो, पडद्यावर कागदी फुलांचा पाऊस पडतो आणि कुणीतरी परदेशी लाडिक आवाजात ओरडतं, "अमेझिंग!" ठोकळा चुकीच्या जागी गेला तर तो चिकटतच नाही. म्हणजे चुकायचीही सोय नाही. चालायला शिकणाऱ्या पोराला गादीत गुंडाळून ढकलत न्यायचं आणि शर्यत जिंकलास म्हणून पदक द्यायचं, असला हा प्रकार. लग्नाआधी मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात प्रोग्रॅम लिहायची. काळा पडदा, हिरवी अक्षरं. एक स्वल्पविराम चुकला की उसाच्या गाड्यांचा सगळा हिशेब ठप्प, आणि वर मुकादमाच्या शिव्या. मला कुणी कधी अमेझिंग म्हटलं नाही. म्हणून तर मी शिकले.

भाटियाबाई गेल्या. मी कूलरसमोर बसून राहिले. वाळ्याच्या ताट्यांवरून येणारा तो ओला, मातकट, किंचित शेवाळलेला वास नाकात गेला आणि तो उन्हाळा जसाच्या तसा समोर आला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अण्णा आमच्याकडे आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या सौद्यांत बोली पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. काय आवाज होता! ढेपेचा कपचा मोडून जिभेवर ठेवायचे, डोळे बारीक करायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. "खारट." "चिकट." "करपला." गूळ आणणारा शेतकरी हिरमुसायचा, पण पुढच्या खेपेला रस उकळणाऱ्या काहिलीपाशी स्वतः उभा राहायचा. अण्णांनी एखाद्याला "बरा हाय" म्हटलं, तर तो माणूस गावाकडे जाताना पेढे घेऊन जायचा, असं श्रीकांत, माझा नवरा, अजून सांगतो.

असा हा माणूस पक्षाघाताच्या झटक्यानंतर आमच्या जयपूरच्या सोडाला भागातल्या फ्लॅटमध्ये आला तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता. "तर." पाणी हवं असलं तरी "तर", नको असलं तरी "तर". उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला. समजायचं सगळं. डोळ्यांत सगळं यायचं आणि ओठांपाशी येऊन अडायचं. सासूबाई आधीच गेलेल्या. गावाकडे एकट्याने राहणं शक्यच नव्हतं. श्रीकांतचं विम्याचं ऑफिस लांब झालाना भागात, त्याला रजा मिळेना. मग दिवसभर घरात अण्णा, मी आणि सुट्टी लागलेली रेवा.

रेवा तेव्हा आठवीत जाणार होती. जन्म जोधपूरचा, बालवाडी भोपाळची, शाळा जयपूरची. बदल्यांवर वाढलेली मुलगी. तिचं मराठी म्हणजे हिंदीच्या कापडाला लावलेलं मराठी अस्तर. "आई, मी आत्ता थकून गेली ना, मतलब खूपच." अण्णा पूर्वी दिवाळीला आले की तिची वाक्यं ऐकून कपाळावर हात मारायचे. आता तेही करता येत नव्हतं. ते नुसते बघायचे.

उपचारांसाठी आम्ही त्यांना एका दवाखान्यात नेत होतो. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांची सगळी चित्रं हिंदी. सफरचंदाचं चित्र दाखवून त्या म्हणायच्या, "बोलिए बाबूजी, सेब." अण्णांनी जन्मात सफरचंदाला सेब म्हटलं नव्हतं, आणि बाबूजी तर त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी डाव्या हाताने ती चित्रं टेबलावरून खाली लोटली. बाई रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इनकी अपनी भाषा में कीजिए. शब्द कानावर पडू देत, रोज, त्यांच्या सवयीचे." अर्थात हे त्या हिंदीत म्हणाल्या. बोट लावलं की शब्द बोलून दाखवणारं काही फोनवर मिळतं का, हे मी शोधलं. इंग्रजीत होतं, हिंदीत होतं. मराठीत जे मिळालं ते पोस्टातल्या जाहीर सूचनेसारखं बोलायचं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सशाने आमच्या घरात प्रवेश केला.

आधी त्या सशाच्या कंपनीचा एक फुकट तास झाला. त्या तासात रेवाने आंबे झेलणारी टोपली 'बनवली'. म्हणजे आंबे त्यांनीच काढलेले, टोपली त्यांचीच, हलणंही त्यांचंच. हिने दोन ठोकळे ओढले. संध्याकाळी एका गोड बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. श्रीकांतने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "सर, मैं झूठ नहीं बोलूँगा, ऐसा लॉजिक मैंने बहुत कम बच्चों में देखा है. रेवा इज गिफ्टेड." श्रीकांत इतका फुलला की कूलरची हवा त्याला लागेना. मी म्हटलं, "अरे, भाटियांच्या पुतण्यालाही काल हेच सांगितलं." तो म्हणाला, "तुला पोरीचं कौतुकच नाही." कोपऱ्यात अण्णा बसले होते. सौद्यात फुगवून सांगणारे दलाल त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. त्यांनी फोनकडे असं पाहिलं, की माझा त्यांच्याविषयीचा आदर दुप्पट झाला. "तर," ते म्हणाले. त्यात सगळं आलं.

पण पैसे भरले गेले आणि वर्ग सुरू झाले. सकाळी मोर ओरडायचे बंद झाले की रेवा कानाला हेडफोन लावून बसायची. शिकवायला मानसी मॅम होत्या. विशीतली मुलगी, बिचारीचा चेहरा सतत हसून दुखत असावा. प्रत्येक दोन मिनिटांनी "सुपर!" "रॉकस्टार!" रेवाने "मॅम, पाणी पिऊन येऊ?" विचारलं तरी "ग्रेट!" पदकं मिळत होती. मंगळाचं पदक, शनीचं पदक. दोन आठवड्यांत पोरीने सूर्यमाला जिंकली आणि तिला प्रोग्रॅममधला 'चल', म्हणजे व्हेरिएबल, काय असतो हे सांगता येत नव्हतं. मी एकदा विचारलं, "हा ठोकळा आत काय करतो?" ती म्हणाली, "आई, तो मॅजिक ठोकळा आहे ना. आत नाही बघायचं." आत नाही बघायचं! विहीर खणायला शिकवणारे गुरुजी सांगताहेत, जमिनीकडे बघू नकोस.

मी म्हटलं, "मी शिकवते तुला." तर उत्तर आलं, "तुझं ते खूप जुनं आहे, आई. ब्लॅक अँड व्हाइट." झालं. मी आमरसाचं भांडं घासायला घेतलं.

हे सगळं असंच चाललं असतं, आणि मी नुसतं नाक मुरडत बसले असते. पण रेवाच्या मनात एक गोष्ट शिरली. दवाखान्यातल्या बाईंचं बोलणं तिनेही ऐकलं होतं. एके दिवशी वर्गात ती म्हणाली, "मॅम, मला माझ्या आजोबांसाठी बोलणारं मशीन बनवायचं आहे. मराठीत." मी स्वयंपाकघरात होते. पोळी तव्यावर तशीच राहिली.

"वॉव, रेवा! सो स्वीट!" मानसी मॅम म्हणाल्या. मग सांगितलं, की प्रोजेक्ट दिलेल्यांतूनच निवडायचं असतं. रॉकेट, वाढदिवसाचं कार्ड किंवा बोलणारा पोपट. रेवाने पोपट घेतला. पोपटाच्या जागी पेल्याचं चित्र लावलं. खाली 'पाणी' लिहायला गेली तर पडद्यावर नुसत्या चौकटी उमटल्या. सशाला देवनागरी येत नव्हती. स्वतःचा आवाज भरायचा ठोकळा होता, पण त्यावर कुलूप. दाबलं की ससा डोळे मिचकावून म्हणायचा, हा पुढच्या टप्प्यात उघडेल, आई-बाबांना सांग. शेवटी पेल्यावर बोट ठेवलं की एक अमेरिकन बाई म्हणायची, "वॉटर, प्लीज." त्यासाठी रेवाला प्रमाणपत्र मिळालं. 'तरुण संशोधक'.

रविवारी सगळे घरी असताना तिने टॅब अण्णांच्या पुढ्यात ठेवला. श्रीकांत फोनवर चित्रीकरण करायला उभा. तिने त्यांचं डावं बोट धरून पेल्यावर टेकवलं.

"वॉटर, प्लीज."

अण्णांनी रेवाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. पुन्हा आपणहून बोट ठेवलं. "वॉटर, प्लीज." तोवर ससा बाहेर आला, कागदी फुलं उधळली, टाळ्या वाजल्या. अण्णांनी डाव्या हाताच्या पालथ्या बाजूने टॅब सरकवला, थेट कॉटच्या कडेपर्यंत. श्रीकांतने झेलला म्हणून वाचला.

रेवा तिच्या खोलीत गेली आणि दार लावून रडली. मी आत गेले तर म्हणाली, "अण्णांना काहीच आवडत नाही. सगळ्यांनी म्हटलं छान आहे. फक्त अण्णा."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

बाहेर आंधी सुटली होती. खिडक्या बंद करूनही दातांखाली रेती कचकचत होती. मग ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "बेकार आहे. ते त्यांना नाही बोलू देत. ते स्वतःच बोलतं."

त्या उन्हाळ्यातलं पहिलं खरं वाक्य. ते ऐकून मला इतका आनंद झाला, की रडणाऱ्या मुलीशेजारी बसून तो लपवणं अवघड गेलं.

तिने वर्ग सोडला. पुढच्या काही दिवसांत सशाचे निरोप यायला लागले. "रेवा, तू कुठे आहेस? मला करमत नाही." डोळ्यांत पाण्याचा थेंब. नंतर, "तुझी सूर्यमाला हातून जाईल." लहान मुलीला असं भावनेत अडकवणाऱ्याला शिक्षक म्हणायचं? आमच्याकडे याला दुसरा शब्द आहे, तो मी लिहीत नाही. एक फोन मात्र वेगळा आला. मानसी मॅमचा. ती कामाची विचारपूस करायची म्हणून करत होती, पण मी जरा नरमाईने बोलले तशी म्हणाली, "आंटी, तिचा प्रोजेक्ट चांगला होता. मला खरंच कळलं नाही कसा करायचा. मैंने तो होटल मैनेजमेंट किया है. हमें बस बोलना होता है, गुड जॉब." त्या क्षणापासून तिच्यावरचा माझा राग गेला. तिच्याही पुढ्यात कुणीतरी ठोकळेच ठेवले होते.

मग दुपारच्या वेळी, वीज असेल तेव्हा, आम्ही मायलेकी माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर बसू लागलो. नवी भाषा मलाही येत नव्हती. माझी भाषा कारखान्याच्या भंगारात कधीच गेली होती. पायथन म्हणून जी अक्षरांत लिहायची भाषा आहे ती आम्ही दोघी ठेचकाळत शिकलो. पहिल्याच प्रयत्नाला पडद्यावर लाल अक्षरं आली. रेवा दचकून मागे सरकली. "हे असं का बोलतं? किती रूड आहे."

"वाच तर काय म्हणतंय."

तिने अडखळत वाचलं. तिसऱ्या ओळीत कंस उघडलास, मिटला नाहीस.

"खरं आहे का?"

तिने पाहिलं. "हो."

"मग रूड कसलं? तुझ्या त्या सशाने कधी सांगितलं असतं?"

तिने कंस मिटवला. पुढची चूक दाखवली. ती काढली, तिसरी आली. एका क्षणी तिने माउस आपटला, मीही आवाज चढवला, आम्ही दोघी घामाने थबथबलेल्या. कूलर नुसताच घरघरत होता आणि अण्णा पलंगावरून आमच्याकडे टक लावून बघत होते. जर अमुक कळ दाबली, तर अमुक आवाज वाजव. एवढंच लिहायचं होतं. रेवा एकदम हसली. "आई, अण्णांकडे 'तर' तर आहेच. आपल्याला फक्त 'जर' लिहायचंय." अण्णाही तोंड वाकडं करून हसले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

ज्या दिवशी कळ दाबल्यावर लॅपटॉपमधून रेवाचाच आवाज आला, "पाणी", त्या दिवशी फुलं पडली नाहीत. टाळ्या नाहीत. तो शब्द नुसता खोलीत उमटला आणि विरला. रेवाने ती कळ परत परत दाबली. मग उठून माठातलं पाणी घटाघट प्यायली आणि मला म्हणाली, "आई, हे मी केलं. मतलब, मला माहितेय की कसं झालं."

पण अण्णा त्या कळा दाबेनात. आम्ही डाव्या हाताला सोप्या पडतील अशा कळांवर चित्रं चिकटवली होती. पाणी, चहा, औषध, उशी. ते ढुंकून बघत नव्हते. पाणी हवं असलं की माठाकडे बोट करायचे. रेवाच म्हणाली, "त्यांना पाणी तर मिळतंच ना, न बोलता. बोट करून जे मिळत नाही, ते कुठे आहे यात?"

मग तिने त्यांच्यापुढे बसून विचारायला सुरुवात केली. "अण्णा, तुम्हाला रागवायचं असतं?" मान जोरात हलली. "कुणाला? आईला?" डोळे मिचकावले. "बाबांना?" पुन्हा मान, आणखी जोरात. अशी चाचपत चाचपत तिने त्यांच्या पोटातली वाक्यं बाहेर काढली. 'गप बसा.' 'अळणी झालंय.' 'तुझा बाप गाढव आहे.' 'कूलर बंद करा, वास मारतो.' 'मला कुणी विचारलं का?' शेवटचं तिने ओळखलं तेव्हा अण्णांचे डोळे भरून आले, आणि तिने ते वाक्य आपल्या आवाजात भरलं.

दुसऱ्या दिवशी श्रीकांत रात्री जेवताना ऑफिसचं काही पुराण सांगत होता. पलंगावरून त्याच्याच मुलीचा आवाज आला, "तुझा बाप गाढव आहे." त्याचा घास हातातच राहिला. अण्णा छताकडे बघत होते, अगदी निरागस. इतके दिवस घरात आजारी माणूस होता. त्या रात्री पुन्हा सासरे आले. त्याच आठवड्यात त्या गोड बोलणाऱ्याचा फोन आला, पुढचा टप्पा घ्या म्हणून. "सर, ऐसा टैलेंट बीच में छोड़ना..." श्रीकांत आढेवेढे घेत होता. अण्णांनी कळ दाबली. "गप बसा." दोनदा. श्रीकांतने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मान्य केलं, की हे यंत्र उपयोगाचं आहे.

मग गुळाचं प्रकरण झालं. खीर गोडाला कमी पडली की तक्रार करता यावी म्हणून रेवाने 'गूळ' हा शब्द भरला. अण्णांनी कळ दाबली. "गूल." त्यांच्या कपाळावर आठी आली. पुन्हा दाबली. "गूल." इथल्या शाळांत 'ळ' नाही, रेवाची जीभ तिथे जातच नसे. डोले, केली, सकाल. बाकी सगळं अण्णांनी सोसलं होतं. पण हा शब्द त्यांचा होता. त्यांनी लॅपटॉप थोपटून थोपटून तिला बोलावलं आणि परत दाबली. "गूल." आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बाजारात भेसळीचा माल आणणाऱ्याने पळ काढला असता.

"काय चुकलं, अण्णा?"

त्यांनी तोंड उघडलं. डाव्या हाताचं बोट आपल्या जिभेकडे नेलं. जीभ थरथरत वर गेली, मागे वळली, टाळूला टेकली, सुटली. लाळ गळली. पुन्हा वर गेली. घशातून काहीतरी खरवडत आलं.

"ळ."

मी दारात उभी होते. हातातलं फडकं मी दोन्ही मुठींत धरून ठेवलं.

"ल," रेवा म्हणाली.

अण्णांनी मान झटकली. साफ, कठोर, एका शब्दाचा निकाल देणारी ती जुनी मान. "ळ."

"लड."

"ळ! गू... गूळ."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते तिच्यावर चिडलेले होते. तिच्या मात्र ध्यानात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण कौतुकाचा एक शब्द काढला नाही. शहाणी पोर. तिने जीभ मागे वळवली आणि पुन्हा चुकीचं म्हटलं, म्हणजे त्यांना पुन्हा बरोबर म्हणावं लागेल. सगळी दुपार त्यांनी तिला धारेवर धरलं. दिवस उतरायला लागला तेव्हा तिचा 'ळ' जागेवर बसला होता. अण्णा उशीला टेकले आणि तुटक, ओला, पण ऐकू येणारा आणखी एक शब्द त्यांनी काढला. "बरा."

मी त्या पोरीचा चेहरा पाहिला. सूर्यमालेतल्या एकाही ग्रहाने तो तसा उजळला नव्हता.

पुढे शब्द सरळ रांगेत आले नाहीत. एखादा यायचा, दुसऱ्या दिवशी हरवायचा. कधी तीन एकदम यायचे, त्यातला एक शिवी. यंत्रावरच्या शब्दांतला एखादा रेवाच्या आवाजात ऐकायचा, नाक मुरडायचं आणि आपला म्हणायचा, असं चाललं. हळूहळू कळा दाबणं कमी झालं. लॅपटॉप उशापासून खुर्चीवर आला, खुर्चीवरून कपाटावर गेला. रेवाला थोडं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, बेस्ट झालं. आता त्याचं काम नाही." शिकवायचं साधन कसं असावं याबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. यापेक्षा बरं काही माझ्या वाचनात नाही.

जूनच्या अखेरीस एका सकाळी त्यांनी खुणेने फोन मागितला. सौद्यातले त्यांचे जोडीदार शंकरतात्या झटक्यानंतर दर आठवड्याला फोन करायचे, आणि अण्णा दर वेळी मान फिरवून भिंतीकडे बघायचे. मीच काहीबाही बोलून ठेवून द्यायची. त्या दिवशी ते पलंगावर ताठ बसले. रेवाने नंबर लावला आणि लॅपटॉप काढायला कपाटाकडे वळली. अण्णांनी हात आडवा केला. नको.

फोन उचलला गेला. मागे बाजाराचा गलका, ढेपा आपटल्याचे आवाज. "हॅलो? कोण बोलतंय?" तात्या ओरडले. "सूनबाई, तुम्ही का?"

अण्णांचे ओठ हलले, आवाज आला नाही. गळ्याची शीर फुगली. रेवाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांच्या वतीने काही बोलली नाही.

"आवो, कोण हाय? बोला की!"

आम्ही इतके शब्द भरले, इतकी वाक्यं भरली. हा एक कुठल्याच कळीवर ठेवला नव्हता. ठेवूनही उपयोग नव्हता, तो दुसऱ्याच्या आवाजात म्हणताच येत नाही.

"मी," अण्णा म्हणाले.

पलीकडे गलका तसाच चालू होता. मग तात्यांनी कुणाला तरी मारलेली हाक फोनमधून ऐकू आली, "अरे, सौदा थांबवा जरा."